काटा खाली गेला होता

इंजिन तापून बंद पडलेली गाडी गॅरेजमध्ये आली की तिचा मालक सहसा खोटं बोलतो. वाईट हेतूने नाही, घाबरून. गरमीचा काटा वर गेला तसा लगेच थांबलो, असं तो सांगतो. इंजिन उघडलं की दिसतं, काटा वर गेल्यावरही गृहस्थ चांगले चार-पाच किलोमीटर गेलेले आहेत. लग्नाहून परतणाऱ्या काही मंडळींनी तापलेल्या रेडिएटरमध्ये शहाळ्याचं पाणी ओतलं होतं. आम्ही काही घातलंच नाही, असं ते शपथेवर सांगत होते आणि मी आतून मलईचा तुकडा चिमट्याने काढत होतो.

फुलपाड्यात माझं गॅरेज तीस-बत्तीस वर्षं चाललं. गाड्यांचं बरंच काही दुरुस्त केलं, पण माझा हात बसला तो तापणाऱ्या गाड्यांवर. पाणी कुठे जातंय हे कुणाला सापडेना की विरारपासून वसईपर्यंतचे मेकॅनिक गाडी माझ्याकडे पाठवायचे. याचा मला अभिमान होता आणि अजून आहे. ज्या गोष्टीबद्दल आज लिहितोय तिच्यात मात्र मी आधी साफ चुकलो होतो.

ज्यांना यातलं काही माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. इंजिनात सतत जाळ होत असतो. तो सोसावा म्हणून इंजिनाच्या अंगातून पाणी खेळवलेलं असतं. नुसतं पाणी नव्हे, त्यात कूलंट नावाचं रंगीत, गोडसर वासाचं औषध असतं. त्याने पाणी लवकर उकळत नाही आणि लोखंडाला गंज धरत नाही. हे पाणी इंजिनातून तापून निघतं, पुढच्या रेडिएटरमध्ये गार होतं आणि परत आत जातं. सगळा मार्ग बंद आणि दाबाखाली असतो. कुठे सुईच्या टोकाएवढं भोक पडलं तरी पाणी कमी होत जातं आणि एक दिवस इंजिन भाजून निघतं. खाली पाणी ठिबकताना दिसलं तर काम सोपं. जमीन कोरडी आणि तरी पाणी कमी होतंय, अशी गाडी आली की खरी परीक्षा.

माझ्या जोडीला इनास होता. भुईगावचा, माझ्याहून चार-पाच वर्षांनी लहान, पंचवीस वर्षं माझ्याबरोबर. बोलायचा कमी. मी गिऱ्हाइकाशी बोलत असलो की तो हातातलं काम न थांबवता ऐकत राहायचा.

एप्रिलमधली एक सकाळ होती. पन्नाशीच्या आसपासच्या एक बाई रिक्षाने आल्या. सोबत गाडी नव्हती. वटारला आमची वाडी आहे, केळी आणि चाफा आहे, असं त्यांनी सांगितलं. मी एका गाडीच्या क्लचमध्ये गुंतलो होतो. त्या थोडा वेळ उभ्या राहिल्या आणि मग म्हणाल्या, "भाऊ, एकच विचारायचंय. काटा खाली गेला आणि तरीही इंजिन तापलं, असं होतं का?"

मी मान वर न करता म्हणालो, "नाही ताई. तापलं की काटा वरच जानार."

आमच्या खाडीकाठच्या बोलीत ण नाही. गॅरेजमध्ये मी असाच बोलायचो.

त्या म्हणाल्या, "पण मी पाहिलं होतं. खाली गेला होता."

गाडी चालवताना भलतंच बघितल्यासारखं वाटतं, सगळे असंच सांगतात, असं काहीतरी मी हसून म्हणालो. त्यांनी मान हलवली, बरं म्हणाल्या आणि रस्ता ओलांडून गेल्या. मी क्लचकडे वळलो.

दुपारी डबा खाताना इनासने पोळीचा घास मोडला आणि म्हणाला, "जनाभाऊ, आतलं पाणीच संपलं, तर काटा कशाच्या जोरावर वर जाईल?"

माझा हात डब्यातच राहिला. काट्याला गरमी कळते ती इंजिनात बसवलेल्या बोटभर सेन्सरमुळे, आणि तो सेन्सर पाण्यात बुडालेला असावा लागतो. पाणी त्याच्या खाली उतरलं की तो हवेत लटकतो. इंजिन भाजत असतं, पण सेन्सरला गरम पाणी लागतच नाही, म्हणून काटा खाली येतो. मला हे माहीत होतं. नव्या मेकॅनिकना मीच शिकवलं होतं. पण त्या बाई विचारत होत्या तेव्हा मी त्यांचा प्रश्न ऐकलाच नव्हता. आणखी एक गिऱ्हाईक स्वतःला वाचवायला आलंय, एवढंच मी ऐकलं होतं.

नाव विचारलं नव्हतं, फोन नंबर घेतला नव्हता. नुसतं एवढंच विचारायला कुणी वटारहून रिक्षा करून का येईल, हा प्रश्न दिवसभर डोक्यातून जाईना. सोमवारी गॅरेज बंद असायचं. त्या सोमवारी मोटरसायकल काढली आणि वटारला गेलो.

चाफ्याची वाडी तिथे एक नाही. दोन चुकीच्या वाड्यांत जाऊन आलो. तिसऱ्या ठिकाणी एका दुकानदाराला म्हटलं, ज्यांची गाडी बंद पडून आहे अशा बाई. त्याने लगेच रस्ता दाखवला. हसून म्हणाला, "ज्यांनी इंजिन जाळलं त्या ना?"

गावात एवढं पसरलं होतं.

वाडीच्या तोंडाशीच आंब्याखाली गाडी उभी होती. लहान पेट्रोल गाडी, बारा-तेरा वर्षांची, काचेवर पानं पडलेली. बाई फुलांच्या करंड्या रिक्षात ठेवत होत्या. मला पाहून थांबल्या, पण ओळख लागायला थोडा वेळ गेला. मी सरळच सांगितलं, "ताई, त्या दिवशी मी तुम्हाला चुकीचं सांगितलं. काटा खाली जाऊ शकतो."

त्यांनी हातातली करंडी खाली ठेवली. मग म्हणाल्या, "तुम्ही नाही म्हणालात ना, त्यानंतर मलाही वाटायला लागलं, आपण चुकीचं पाहिलं असेल."

मला ते चांगलंच लागलं. अजून आठवतं.

त्यांचं नाव नलिनीताई. त्यांनी ओटीवर बसवलं आणि काय झालं ते सांगितलं. यजमान नोकरीसाठी नाशिकला, महिन्यातून एकदा येणार. वाडी पाहणार त्या आणि त्यांचे धाकटे दीर वसंतभाऊ. पंचेचाळिशीनंतर त्या गाडी शिकल्या होत्या. फुलं पोचवणं, सासूबाईंना डॉक्टरकडे नेणं, सगळं स्वतः करायच्या. दोन महिन्यांपूर्वी सासूबाईंना डोळे तपासायला विरारला नेत होत्या. वाटेत काटा हळूहळू खाली आला. गाडी गार झाली असं वाटून त्या पुढे गेल्या. मग गुळाचा पाक करपल्यासारखा वास आला. काटा तर खालीच होता, पण वास बरा वाटेना, म्हणून त्यांनी गाडी बाजूला घेतली आणि किल्ली फिरवून बंद केली.

गाडी ओढून एका गॅरेजला नेली. तिथल्या माणसाने बाहेरूनच पाहून सांगितलं की इंजिन गेलं, काटा लालवर असताना चालवली आहे. वसंतभाऊंनी ते घरी सांगितलं. नाशिकला फोन झाला. गाडी मिळेल त्या भावाला द्यायची, असं ठरलं आणि किल्ली वसंतभाऊंच्या कपाटात गेली. येत्या रविवारी एक दलाल बघायला येणार होता. घरात कुणी आवाज चढवून बोललं नव्हतं. पण तेव्हापासून बाहेरचं काही निघालं की वसंतभाऊ म्हणायचे, "राहू दे वहिनी, मी बघतो."

बोलणं चालू असताना वसंतभाऊ आलेच. पन्नाशीच्या आतले, अंगाने भरलेले, कष्टाळू माणूस. माझ्याशी आदराने बोलले, पण गाडीचं ऐकून चेहरा बंद झाला. एवढ्यासाठी लांबून आलात, पण ती गाडी संपलेली आहे, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, मला एक दिवस द्या. इंजिन गेलेलं असेल तर मीच तसं सांगेन. त्यांनी वहिनींकडे पाहिलं, आत गेले आणि किल्ली आणून माझ्या हातात दिली.

दुसऱ्या दिवशी सकाळी इनासला आणि सामान घेऊन परत गेलो. गाडी गॅरेजला ओढून नेण्यापेक्षा तिथेच बघावी, असा माझा विचार होता. ज्यांना कळायला हवं ते सगळे तिथेच होते.

आधी इंजिन हाताने फिरवून पाहिलं. मोकळं फिरलं. ऑइल काढून पाहिलं. काळं होतं, पण त्यात पाणी मिसळलेलं नव्हतं. मिसळलं की ते दुधाच्या चहासारखं दिसतं. पाण्याची टाकी जवळजवळ रिकामी होती. मी कूलंटचे कॅन उघडत होतो तेवढ्यात वसंतभाऊ विहिरीवरून कळशी भरून आले. म्हणाले, बाजारचं कशाला, आमच्या विहिरीचं घाला, मी तर नेहमी तेच घालतो. मी त्यांना नंतर घेऊ म्हटलं. विहिरीजवळची धुण्याची दगडी फरशी पांढरी पडलेली मी येतानाच पाहिली होती. कळशीच्या गळ्यालाही पांढरा थर होता. समुद्राकडच्या विहिरी हल्ली उन्हाळ्यात अशाच होतात. पिणाऱ्याला सवय झाली की चव कळत नाही.

पाणी भरलं, टाकीच्या तोंडावर हातपंप बसवला. सायकलला हवा भरायचा असतो तसाच, फक्त वर दाब दाखवणारं घड्याळ. पाण्यावर दाब द्यायचा आणि वाट पाहायची. गळती असेल तर घड्याळाचा काटा उतरतो. वीस मिनिटं झाली. काटा हलला नाही.

वसंतभाऊ म्हणाले, "म्हणजे गळत नाहीच. इंजिनच खराब झालंय."

त्यांचं चूक नव्हतं. बाहेर गळत नसेल तर पाणी इंजिनाच्या आतच जळत असणार. त्यासाठी दुसरी तपासणी असते. निळ्या रंगाचं एक औषध टाकीच्या तोंडावर धरायचं. आतला धूर पाण्यात मिसळत असेल तर निळं औषध पिवळं होतं. ते पिवळं झालं असतं, तर मला त्या सगळ्यांसमोर सांगावं लागलं असतं की वसंतभाऊंचं खरं आहे. इनासने दुसरी बॅटरी जोडून इंजिन चालू केलं. ते पहिल्या झटक्यात सुरू झालं आणि साफ चाललं. औषधाची नळी हातात धरून मी पाच मिनिटं उभा होतो. नलिनीताई ओटीच्या पायरीवरून बघत होत्या.

औषध निळंच राहिलं.

तेव्हा मला खात्री पटली की इंजिन शाबूत आहे आणि गळती बाहेरच आहे, फक्त ती गार असताना दिसत नाही. काही भोकं अशी असतात. गार असताना त्यांच्यावर गंजाची खपली बसते आणि ती बंद होतात. लोखंड तापून फुगलं की उघडतात. इंजिन अजून कोमटच होतं. पंप परत लावला आणि इंजिन चालू ठेवून तापू दिलं. दहा मिनिटं काही नाही. बाराव्या-तेराव्या मिनिटाला घड्याळाचा काटा किंचित उतरला. मी वाकून खाली पाहिलं. जमीन कोरडी.

मागून नलिनीताईंचा आवाज आला, "हाच वास."

मला आला नव्हता. मी नाक पुढे नेलं तेव्हा कळलं. गोडसर, करपलेला. मी लांब दांड्याचा आरसा इंजिनाच्या मागे घातला आणि इनासने हातातल्या बॅटरीचा उजेड धरला. इंजिनाच्या मागच्या अंगाला, धूर बाहेर नेणाऱ्या नळीच्या बरोबर वर, आतलं पाणी अडवणारी पत्र्याची एक गोल वाटी ठोकून बसवलेली असते. आम्ही तिला वॉटर प्लग म्हणतो. तिच्या कडेला पांढरट-तांबूस ओघळ होता आणि ओघळाच्या वरच्या टोकाला पाण्याचा एक थेंब धरत होता. तो मोठा झाला, सुटला, सणसणीत तापलेल्या नळीवर पडला आणि गेला. जमिनीपर्यंत यायला काही उरतच नव्हतं.

मी सगळ्यांना एकेक करून आरशात दाखवलं. वसंतभाऊंनी दोनदा पाहिलं. मग म्हणाले की गळती आहे हे मान्य, पण पाणी कमी झालं तर काटा वर जायला हवा होता. वहिनींचं लक्ष नव्हतं.

हा प्रश्न येणार हे मला माहीत होतं. सामानाच्या डब्यात जुना पण चालू सेन्सर होता. गाडीच्या तारा त्याला जोडल्या. नलिनीताईंना पातेलंभर उकळतं पाणी आणायला सांगितलं आणि वसंतभाऊंना म्हटलं, तुम्ही स्वतः गाडीत बसा, काट्याकडे बघा आणि दिसेल ते मोठ्याने सांगा. इनासने सेन्सर पातेल्यात धरला.

"वर येतोय," वसंतभाऊ आतून म्हणाले. "मध्यावर आला. अजून वर चाललाय."

मी इनासला खूण केली. त्याने सेन्सर पाण्याबाहेर काढून हवेत धरला.  अर्धं मिनिट गेलं असेल.

"खाली चाललाय," वसंतभाऊ म्हणाले. थोडं थांबून त्यांनी परत तेच म्हटलं, पण या वेळी हळू, "खाली चाललाय."

मी खिडकीशी जाऊन म्हणालो, "गाडीतलं पानी संपलं तेव्हा ताईंनी हेच पाहिलं. काटा खाली असतानाही नुसत्या वासावर त्यांनी गाडी बंद केली, म्हनून आज इंजिन आहे. मी असतो तर काट्यावर विश्वास ठेवून पुढे गेलो असतो."

सासूबाई ओटीवर बसून ऐकत होत्या. त्या त्यांच्या घरच्या बोलीत बोलल्या, ती मला लिहिता यायची नाही. साध्या मराठीत सांगायचं तर असं, "मी त्याच दिवशी सांगितलं होतं, हिने आपणहून थांबवली. मला कोण विचारतंय?"

नलिनीताईंनी पातेलं उचललं आणि आत गेल्या. बराच वेळ बाहेर आल्या नाहीत.

इंजिन गार झाल्यावर नळीवरचा पत्रा काढला, पाणी उपसलं आणि वॉटर प्लगच्या एका कडेवर छिन्नी ठेवून ठोकलं. ती तिरकी झाली तशी पकडीने ओढून काढली. बाहेरून जाड दिसणारी ती वाटी आतून पापडासारखी झाली होती. माझ्या अंगठ्याने तिच्यात भोक पडलं. तिच्या मागून गंजाचा तांबडा चिखल वाहिला. हात पोचत होता तिथल्या आणखी दोन काढल्या. त्याही तशाच.

वसंतभाऊ बाजूलाच उभे होते. मी वाटी त्यांच्या हातात दिली. त्यांनी ती उलटीपालटी केली आणि विचारलं, हे इतकं कशाने होतं?

माझ्या धंद्यात दोष सापडणं एकवेळ सोपं, तो कुणापाशी कसा बोलायचा हे अवघड. हा माणूस दर आठवड्याला जातीने बोनेट उघडून पाणी घालत आला होता. गाडीची काळजी घेतोय असंच त्याला वाटत होतं. मी कुणाचं नाव घेतलं नाही. एवढंच म्हणालो, "खाऱ्या पान्याने."

त्यांनी विहिरीकडे पाहिलं.  वाटी घेऊनच घराच्या मागच्या बाजूला गेले. मागे नळाशी मी हात धुवायला गेलो तेव्हा ते फोनवर होते. मी ऐकू नये असं त्यांनी काही केलं नाही. पलीकडे नाशिकला भाऊ असणार. ते म्हणत होते, "दादा, वहिनींची चूक नव्हती. पाणी मी घालत होतो, विहिरीचं. त्याने गंजलं. दलालाला मी नको सांगतो."

एवढं सरळ बोलणारी माणसं मी गॅरेजमध्ये फार कमी पाहिली. मी परत आलो आणि काहीच ऐकलं नाही असं दाखवून कामाला लागलो.

वाट्या बसायच्या जागा घासून स्वच्छ केल्या आणि पितळी वाट्या ठोकून बसवल्या. पितळेला गंज धरत नाही. इंजिन आतून तीनदा धुतलं, तिसऱ्या वेळी पाणी बऱ्यापैकी स्वच्छ आलं. मग कूलंट भरलं, हवा काढली. चार वाजायला आले होते. आता गाडी रस्त्यावर तापवून पाहायला हवी होती. नुसती उभी ठेवून चालवली तर भरवसा देता येत नाही.

नलिनीताई म्हणाल्या, तुम्हीच चालवून बघा. दोन महिने हात लावलेला नाही. मी म्हटलं, मी बोनेटचा माणूस, चालवणाऱ्यानेच चालवायची. त्या क्षणभर घुटमळल्या, मग पदर खोचून बसल्या. मी शेजारी बसलो. इनास सामान आवरायला थांबला. आम्ही निघणार तेवढ्यात मागचं दार उघडून वसंतभाऊ आत बसले.

भुईगावच्या दिशेने निघालो. सुरुवातीला त्या दोन्ही हातांनी स्टिअरिंग घट्ट धरून होत्या आणि दर दहा सेकंदांनी काट्याकडे बघत होत्या. काटा मध्यावर स्थिर होता. पाच-सात मिनिटांनी बघायचं कमी झालं. समुद्राकडे जाणारी एक बोळ फार अरुंद आहे, दोन्ही बाजूंना वाड्यांचे दगडी गडगे. तिथे समोरून भाजीचा टेम्पो आला. टेम्पोवाला मागे जाईना. त्याने हॉर्न वाजवला आणि हाताने मागे घ्या म्हणून खूण केली.

वसंतभाऊंनी दाराच्या कडीला हात घातला. म्हणाले, थांबा, मी उतरून सांगतो कुठे वळवायची.

"बसा भाऊजी," नलिनीताई आरशात बघत म्हणाल्या. "मला दिसतंय."

वसंतभाऊंनी हात काढून घेतला. गडग्याला न घासता, एका दमात, नलिनीताईंनी चाळीस-पन्नास फूट गाडी मागे नेली आणि एका फाटकाच्या खाचेत घातली. टेम्पो निघून गेला. त्यांनी गियर टाकला आणि आम्ही पुढे गेलो, समुद्रापर्यंत जाऊन वळलो.

वाडीत परत आल्यावर गाडी अर्धा तास गार होऊ दिली. मग मी बोनेट उघडलं. आरसा घालून पितळी वाटीवर बॅटरी मारली. कोरडी. पाण्याची पातळी पाहिली. निघताना केलेल्या खुणेवरच होती. मी बोनेट लावलं आणि किल्ली नलिनीताईंच्या हातात दिली.